काउन्सेलिंग की गोळ्या? चिंता आणि नैराश्यावर उपचार निवडताना मुंबईत हमखास विचारले जाणारे प्रश्न

मी दादर परिसरात समुपदेशक म्हणून काम करते. पहिल्या भेटीत खुर्चीत नीट टेकायच्या आधीच बरेच जण विचारतात, "मॅडम, गोळ्या तर घ्याव्या लागणार नाहीत ना?" काही जण अगदी उलट बोलतात: "बोलून काय होणार, एखादी गोळी सांगा." असे आणि यांच्या आसपासचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गोळ्या लिहून देण्याचा अधिकार मला नाही. त्यामुळे औषधांबद्दल इथे आहे ती फक्त माहिती, तुमचं औषध आणि डोस तुमचे डॉक्टरच ठरवतील.

माझं एक ठाम मत आधीच सांगते. यातला कुठलाही निर्णय जन्मभराचा नसतो. सुरुवात कशानेही करा, पण त्याच दिवशी कॅलेंडरवर सहा आठवड्यांनंतरची तारीख मांडून ठेवा आणि त्या तारखेला खरंच फरक पडलाय का ते बघा. चुकीचा उपचार निवडून अडकलेली माणसं मला कमी भेटतात. निवडलेला उपचार कधीच न तपासता वर्षभर रेटणारी फार भेटतात.

हे सगळं वाचायचंही त्राण नाही. जगावंसंच वाटत नाही. मी काय करू?

बाकीचं पान नंतर वाचा. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. हातून स्वतःला काही होईल अशी भीती वाटत असेल तर घरातल्या किंवा शेजारच्या माणसाला आत्ता जवळ बोलवा आणि जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा, किंवा ११२ ला फोन करा. घरात गोळ्यांचा साठा असेल तर तो दुसऱ्या कुणाच्या ताब्यात द्या.

पोलीस केस होईल म्हणून घरचे हॉस्पिटलात न्यायला कचरतात, असं अजूनही होतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरायला सांगितलं आहे आणि तिला उपचार मिळवून देणं ही सरकारची जबाबदारी ठरवली आहे. त्या भीतीपायी एक मिनिटही दवडू नका.

सायकियाट्रिस्ट, सायकॉलॉजिस्ट, काउन्सेलर, सगळे सारखेच ना?

नाही. सायकियाट्रिस्ट म्हणजे मानसोपचारतज्ज्ञ हे एमबीबीएस करून पुढे मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले डॉक्टर असतात. निदान करणं, औषधं देणं, गरज पडली तर दाखल करणं हे त्यांचं काम. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचं शिक्षण मानसशास्त्रातलं असतं आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे असते. ते चाचण्या करतात, थेरपी देतात, गोळ्या देत नाहीत. काउन्सेलर किंवा समुपदेशक मानसशास्त्रात अथवा समाजकार्यात एम.ए. झालेले असतात, किमान असायला हवेत.

'किमान' म्हणायचं कारण असं की ही पाटी कुणीही लावू शकतो. शनिवार-रविवारचा कोर्स करून 'माइंड कोच' झालेले लोक मुंबईत भरपूर आहेत. पदवी कुठली, कुठल्या विद्यापीठाची, कुणाच्या देखरेखीखाली काम केलं, हे पहिल्याच फोनवर विचारा. चांगला समुपदेशक या प्रश्नाने दुखावत नाही.

नुसतं बोलून भागेल की गोळी लागेल, हे कसं ओळखायचं?

त्रास किती खोल आहे आणि रोजच्या व्यवहारातलं काय काय बंद पडलं आहे, यावरून. डॉक्टर बऱ्याचदा पीएचक्यू-९ ही प्रश्नावली वापरतात. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. साधारण ५ ते ९ म्हणजे सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ जास्त आणि २० पासून पुढे तीव्र. चिंतेसाठी अशीच जीएडी-७ आहे. या आकड्यांवरून निदान होत नाही, पण सहा आठवड्यांनी तुलना करायला त्यांचा फार उपयोग होतो. आणि हो, नवव्या प्रश्नाला, म्हणजे मरणाच्या विचारांच्या प्रश्नाला, शून्य सोडून काहीही उत्तर आलं तर एकूण बेरीज कितीही कमी असली तरी ते कुणालातरी सांगा.

त्रास सौम्य असेल, म्हणजे मन लागत नाही, रडू येतं, झोप उडालीय पण कामावर जाताय, जेवताय, कुणाशीतरी बोलताय, तर थेरपीने सुरुवात करणं योग्यच आहे. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'नाइस' या संस्थेने २०२२ मध्ये हेच सांगितलं: नैराश्य कमी तीव्रतेचं असेल तर रुग्णाची स्वतःची इच्छा असल्याखेरीज सरसकट गोळ्यांनी सुरुवात करू नये.

चित्र वेगळं असेल तेव्हा मात्र मीच माणसाला सायकियाट्रिस्टकडे पाठवते. अंघोळीला उठवत नाही, वजन उतरलंय, पहाटे तीन-चारला जाग येते आणि तेव्हाच सगळ्यात वाईट वाटतं, हालचाली आणि बोलणं मंदावलंय, नसलेले आवाज ऐकू येतायत किंवा भलतेसलते संशय येतायत, मरणाचे विचार आहेत. अशा अवस्थेत माझ्यासमोर तासभर बसलेल्या माणसापर्यंत माझं बोलणं पोचतच नाही. लक्षच लागत नसेल तर थेरपीतला गृहपाठ कुठून होणार? आधी झोप आणि भूक जागेवर येऊ दे, मग बोलू, असं मी स्पष्ट सांगते.

आणखी एक गोष्ट सांगायला विसरू नका. आयुष्यात कधी असे दिवस आले होते का, की झोप दोन-तीन तासांची, तरी थकवा नाही, बोलणं सुसाट, पैसा वारेमाप खर्च, डोक्यात मोठमोठ्या योजना? तुम्हाला किंवा घरात कुणाला असं झालं असेल तर ते बायपोलर असू शकतं. त्यात नुसती नैराश्याची गोळी दिली तर माणूस उलट्या टोकाला जाऊ शकतो. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी हे आपणहून सांगा.

बोलण्याने नेमकं होतं काय? मित्राशी बोललं तरी चालेलच की.

मित्र हवाच. पण थेरपी म्हणजे मन मोकळं करण्याची ठरावीक वेळ, एवढंच नाही. सीबीटी या सगळ्यात जास्त अभ्यासलेल्या पद्धतीत विचार, वागणं आणि शरीर यांची साखळी शोधून ती ठरवून तोडतात. साधारण १२ ते २० भेटी लागतात आणि खरं काम दोन भेटींच्या मधल्या आठवड्यात होतं.

एक उदाहरण देते. अनेकांच्या अनुभवांतून जोडलेलं आहे, कुणा एकाचं नाही. डोंबिवलीचा तिशीतला मुलगा, ऑफिस फोर्टमध्ये. सकाळच्या फास्ट लोकलमध्ये ठाणं सोडल्यावर अचानक छातीत धडधड, हातापायाला मुंग्या, आता मी मरणार अशी खात्री. घाटकोपरला उतरून थेट हॉस्पिटल. ईसीजी नॉर्मल. (पहिल्यांदा छातीत दुखलं तर ईसीजी काढायलाच हवा, ते 'टेन्शनच असेल' म्हणून सोडू नका.) पुढच्या आठवड्यात तो स्लो लोकलने जाऊ लागला, कारण दर स्टेशनला उतरता येतं. मग दारातच उभा राहू लागला. मग हातात पाण्याची बाटली आणि बायकोचा नंबर लावून ठेवलेला मोबाइल. मग ऑफिसकडे घरून काम मागितलं. भीती टाळायला त्याने केलेल्या प्रत्येक युक्तीने भीती एक पायरी वर चढली.

थेरपीत हीच शिडी उलटी उतरायची. पॅनिकचा झटका साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग आपोआप ओसरतो, हे आधी कागदावर आकृती काढून समजावायचं. नंतर दुपारच्या रिकाम्या वेळी ठाणे ते मुलुंड, एकच स्टेशन, आत सीटवर बसून. धडधड झाली तरी उतरायचं नाही, बाटली पिशवीत, मोबाइल खिशात. भीतीला दहापैकी किती गुण, ते चढताना आणि उतरताना वहीत लिहायचं. मग भांडुपपर्यंत, मग घाटकोपर, मग फास्ट, शेवटी सकाळची गर्दी. हे ऐकायला सोपं वाटतं, पण पहिल्या दिवशी मुलुंडच्या फलाटावर उतरलेल्या माणसाचा शर्ट घामाने भिजलेला असतो. मित्र प्रेमापोटी म्हणतो, "जाऊ दे, टॅक्सीने जा." थेरपिस्ट तसं म्हणत नाही.

नैराश्यात रीत वेगळी. 'बरं वाटलं की बाहेर पडेन' असं मन सांगत असतं, आणि बाहेर न पडल्याने बरं वाटत नाही. म्हणून आधी कृती: ठरलेल्या वेळी उठणं, शिवाजी पार्कला अर्धी फेरी, एक फोन, एक भाजी निवडणं, आणि प्रत्येकापुढे किती बरं वाटलं त्याची नोंद. या पद्धतीवर आधारलेला एक उपक्रम शेजारच्या गोव्यात झाला. मुंबईत जन्मलेले डॉ. विक्रम पटेल आणि 'संगथ' संस्थेतल्या सहकाऱ्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून अशा सहा-आठ भेटी करवल्या. बऱ्यापैकी तीव्र ते तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना त्याचा फायदा झाल्याचं २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालं. बोलण्याचा उपचार म्हणजे श्रीमंतांचे चोचले, असं कुणी म्हटलं की मी हे उदाहरण देते.

गोळ्यांची सवय लागते ना?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे दोन अगदी वेगळ्या जातींच्या गोळ्या लोक एकाच डब्यात टाकतात.

एसिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन ही एसएसआरआय गटातली औषधं. नैराश्य आणि चिंता या दोन्हींवर पहिली पसंती बहुधा यांनाच असते. यांनी नशा होत नाही, डोस वाढवत नेण्याची तलफ येत नाही. अचानक बंद केली तर मात्र चक्कर, चिडचिड, डोक्यात वीज चमकल्यासारखं वाटणं, विचित्र स्वप्नं असा त्रास होतो. म्हणून ती हळूहळू कमी करतात. याला व्यसन म्हणत नाहीत, पण 'काहीच होत नाही' असं सांगणंही खोटं आहे. काहींना हा त्रास बरेच आठवडे होतो आणि डोस अगदी सावकाश उतरवावा लागतो.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांची गोष्ट निराळी. अर्ध्या-एक तासात शांत करतात, झोप लावतात, आणि म्हणूनच धोक्याच्या आहेत. काही आठवडे रोज घेतल्या की शरीराला त्यांची सवय होते, त्याच डोसने भागेनासं होतं. सुरुवातीचे थोडे दिवस, एसएसआरआयचा परिणाम सुरू होईपर्यंत, डॉक्टर त्या देतात ते समजण्यासारखं आहे. पण मुंबईत 'शेजारच्या काकूंना झोपेची गोळी लागू पडली' म्हणून त्यांच्या पट्टीतली अर्धी घेणारे आणि ओळखीच्या केमिस्टकडून वर्षानुवर्षं आणणारे कमी नाहीत. चिठ्ठीशिवाय ती विकणं बेकायदा आहे. तुमच्या घरात कुणी वर्षानुवर्षं घेत असेल तर आज ती एकदम बंद करू नका, त्याने फिटसुद्धा येऊ शकते. सायकियाट्रिस्टकडे जा आणि उतरवण्याचं वेळापत्रक मागा. दारू आणि या गोळ्या एकत्र कधीच नकोत.

गोळी सुरू केली, आठ दिवस झाले, काही फरक नाही. उलट मळमळतंय.

नेमकं असंच होतं, आणि इथेच अनेक जण सोडून देतात. एसएसआरआयचे त्रास आधी येतात, फायदा नंतर. मळमळ, डोकेदुखी, जुलाब, झोपेत बदल, थोडी अस्वस्थता हे पहिल्या एक-दोन आठवड्यांत होतं आणि बहुतेकांचं कमी होतं. फरक जाणवायला दोन ते चार आठवडे आणि पूर्ण अंदाज यायला सहा ते आठ आठवडे लागतात. सहा आठवड्यांची तारीख मांडा म्हणते ती यासाठीच.

लैंगिक इच्छा कमी होणं किंवा वीर्यपतनाला, समाधानाला उशीर लागणं हा त्रास मात्र बऱ्याच जणांना होतो आणि तो आपोआप जाईलच असं नाही. लाजेपोटी कुणी बोलत नाही, गुपचूप गोळी बंद होते, महिन्याभराने आजार परत. डॉक्टरांना सांगा. डोस किंवा औषध बदलता येतं.

वय पंचविशीच्या आत असेल तर सुरुवातीचे काही आठवडे घरच्यांनी जास्त लक्ष ठेवायचं. या वयोगटात सुरुवातीला किंवा डोस बदलताना अस्वस्थता आणि आत्महत्येचे विचार वाढू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने या औषधांवर छापायला लावला आहे. घाबरून औषध टाळण्यासाठी हे सांगत नाही. पहिल्या पंधरवड्यात डॉक्टरांची एक भेट ठरवून ठेवा, एवढ्यासाठी सांगते.

मेंदूत केमिकल कमी झालंय म्हणून गोळी, असं सांगतात. खरं आहे?

इतकं साधं नाही. सेरोटोनिन कमी म्हणून नैराश्य, या मांडणीला ठोस पुरावा नसल्याचं २०२२ मध्ये एका मोठ्या आढाव्यात दिसलं. गोळीने सेरोटोनिनवर होणारा परिणाम काही तासांतच सुरू होतो, बरं वाटायला मात्र आठवडे लागतात, यावरूनही मामला गुंतागुंतीचा असल्याचं कळतं. पण औषध कसं काम करतं हे पुरतं न कळणं आणि ते काम न करणं, या दोन वेगळ्या गोष्टी. २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५२२ चाचण्या आणि १,१६,४७७ रुग्णांची माहिती एकत्र करून २१ औषधं तपासली. मोठ्या माणसांच्या नैराश्यात सगळीच औषधं खोट्या गोळीपेक्षा (प्लासिबो, म्हणजे आत औषध नसलेली गोळी) सरस ठरली. फरक प्रत्येकात फार मोठा होता असं नाही, आणि खोट्या गोळीनेही अनेकांना बरं वाटलं. म्हणजे गोळी ही जादू नाही आणि थोतांडही नाही.

किती काळ घ्यायच्या?

पहिल्यांदाच आजार झाला असेल तर पूर्ण बरं वाटू लागल्यावर पुढे किमान सहा महिने, बरेचदा नऊ ते बारा. वारंवार होत असेल तर जास्त. बरं वाटलं म्हणून लगेच बंद करणं हे आजार परतण्याचं नेहमीचं कारण. परीक्षा, बदली, घरातलं लग्न, मार्च अखेर अशा धामधुमीत डोस उतरवायला घेऊ नका.

दोन्ही एकत्र चालतं का?

चालतं, आणि मध्यम ते तीव्र नैराश्यात दोन्ही मिळून एकट्या गोळीपेक्षा किंवा एकट्या थेरपीपेक्षा जास्त उपयोग होतो, असं अभ्यास सांगतात. गोळी उभं राहायला बळ देते. थेरपीत शिकलेलं गोळी बंद झाल्यावरही हाताशी राहतं, त्यामुळे आजार परतण्याची शक्यता कमी होते. फक्त डॉक्टर आणि थेरपिस्ट दोघांना एकमेकांबद्दल माहीत असू द्या. मी चिंतेला सामोरं जायला सांगतेय आणि डॉक्टरांनी दिलेली क्लोनाझेपाम प्रवासाआधी तोंडात जातेय, असं असेल तर दोन्ही उपचार एकमेकांना खाऊन टाकतात.

थायरॉइड, बी-१२ तपासायला सांगितलं. पैसे काढायचा धंदा तर नाही?

नाही. थायरॉइड मंदावलं, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ उतरलं की थकवा, उदासी, विसरभोळेपणा येतो. थायरॉइड वाढलं की धडधड आणि घाबरेपणा. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं फार आढळतं. एकदा तपासून घ्या. तुम्ही घेत असलेल्या बाकीच्या गोळ्याही डॉक्टरांना दाखवा. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामकं किंवा ॲस्पिरिन एसएसआरआयबरोबर घेतली तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि ट्रॅमाडॉलशी तर यांचं जमतच नाही.

परवडणार कसं?

खासगीत थेरपीचं एक सेशन हजार-दोन हजारांच्या घरात किंवा त्याहूनही वर जातं आणि ते दर आठवड्याला लागतं. गोळ्या त्या मानाने स्वस्त, जनऔषधी केंद्रात तर आणखी. त्यामुळे मुंबईत अनेकांची निवड आजारावरून होत नाही, खिशावरून होते. हे मला मनापासून खुपतं.

तरी पर्याय आहेत. परळचं केईएम, सायन, नायर, कूपर ही महापालिकेची आणि भायखळ्याचं जे.जे. हे सरकारी, या सगळ्या ठिकाणी मानसोपचार विभागाची ओपीडी आहे. सकाळी लवकर जा, केसपेपर काढा, नाममात्र पैशांत होतं. आधी निवासी डॉक्टर सविस्तर विचारतात, मग वरिष्ठ बघतात. गर्दी असते, दार सतत उघडतं, तुमच्या मागचा माणूस जवळजवळ कानात श्वास घेत असतो. तरी तिथले डॉक्टर एका आठवड्यात जितके रुग्ण बघतात तितके खासगीत महिन्यातही दिसत नाहीत, आणि हा अनुभव तुमच्या कामी येतो. वेळ कमी मिळतो म्हणून सांगायचं ते कागदावर लिहून न्या. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयातही बाह्यरुग्ण विभाग आहे, तिथे गेलं म्हणजे दाखल करतात असं नसतं.

बोलण्यासाठी: टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' सेवा २०१२ पासून फोन आणि ईमेलवर समुपदेशन करते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच संस्था आहे, मराठीत थेरपी हवी असलेल्यांसाठी खास सांगते.

घर दीड खोलीचं. ऑनलाइन सेशन घेऊ कुठे?

गच्चीवर, सोसायटीच्या बागेत, पार्क केलेल्या गाडीत, ऑफिस सुटल्यावर रिकाम्या मीटिंग रूममध्ये, असं लोक करतात. कानात हेडफोन, आणि जिथे कुणी ऐकेल असं वाटतं तिथे उत्तर टाइप करून पाठवायचं, अशी सोय समुपदेशकाला आधीच विचारा. सासू दाराआड उभी असताना सासूबद्दल बोलता येत नाही, हे आम्हाला कळतं. दोन आठवड्यांतून एकदा प्रत्यक्ष आणि मधे छोटा फोन असंही जमवता येतं.

घरी कसं सांगू? आई म्हणेल, तुला काय कमी आहे?

म्हणेलच. आणि त्यामागे बहुतेक वेळा भीती असते: लग्न कसं जमेल, लोक काय म्हणतील, आमचं काय चुकलं. वाद घालू नका. आजाराचं नाव आधी घेऊ नका, दिसणारं सांगा. "आई, मला तीन आठवडे झोप नाही. डबा तसाच परत येतोय, तू बघतेयस. डॉक्टरांनी सहा आठवडे औषध घेऊन बघू म्हटलंय. तू एकदा माझ्याबरोबर चल, तुला जे विचारायचंय ते त्यांना विचार." आईला सोबत बोलावलं की बऱ्याचदा तिचा विरोध निम्मा होतो. बाबांना सांगायचं काम मग तीच करते.

सगळ्यांना सांगायचं बंधन तुमच्यावर नाही. सज्ञान व्यक्तीच्या उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. ऑफिसला गोळ्यांची नावं कळवायची गरज नसते. पण घरात किमान एका माणसाला माहीत असावं.

योग, व्यायाम, विपश्यना करून बघू का आधी?

करा, जोडीने करा. नियमित व्यायामाचा नैराश्यावर चांगला परिणाम होतो. योगाचं म्हणाल तर केईएममध्येच डॉ. एन. एस. वाहिया आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात पतंजलींच्या विचारांवर आधारलेली उपचारपद्धती रुग्णांवर वापरून तिचा अभ्यास केला होता. परंपरेतलं ते आपोआप खरं, असं न मानता त्यांनी ते तपासलं, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर आहे. तीव्र नैराश्यात किंवा भास होत असताना मात्र दहा दिवसांच्या मौनाच्या शिबिराला जाऊ नका, त्रास वाढू शकतो. आणि आयुर्वेदिक किंवा हर्बल काही घेत असाल तर सायकियाट्रिस्टला सांगा, 'नैसर्गिक'ही गोळीशी भिडू शकतं.

दिवस गेलेत. गोळी बंद करू?

स्वतःच्या मनाने नको. उपचार न झालेलं नैराश्य आई आणि बाळ दोघांनाही बाधतं. काही औषधं गरोदरपणात आणि अंगावर पाजतानाही जपून चालू ठेवता येतात, काही बदलावी लागतात. सायकियाट्रिस्ट आणि तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ यांचं एकमेकांशी बोलणं करवून द्या. बाळंतपणानंतर दोन आठवड्यांहून जास्त रडू येत राहिलं, बाळाकडे बघावंसं वाटेना, तर 'होतं असं पहिल्या खेपेला' यावर थांबू नका.

काउन्सेलर पटत नाही. बदलला तर चालेल?

तीन-चार भेटींत आपलं ऐकलं जातंय असं वाटलं नाही तर आधी तसं स्पष्ट सांगा, तरी जमलं नाही तर बदला. उपदेश करणारा, जात-धर्म-लग्न यांवर शेरे मारणारा, तुमची लैंगिकता 'बरी' करायला निघालेला, गोळ्या घेऊ नका असं सांगणारा समुपदेशक ताबडतोब सोडा. शेवटच्या मुद्द्यावर मी जरा कडक आहे. औषध बंद करायला सांगण्याचा अधिकार आमचा नाही.

इन्शुरन्स मिळतो का?

शारीरिक आजारांना जसं विमा संरक्षण तसंच मानसिक आजारांना द्यावं, असं २०१७ च्या कायद्याचं कलम २१ सांगतं. पण बहुतेक पॉलिसी दाखल झाल्यावरच पैसे देतात. थेरपीच्या भेटी त्यात बसत नाहीत. तुमच्या कंपनीच्या पॉलिसीत ओपीडी आहे का ते एचआरला विचारा, कारण सांगायची गरज नाही. पॉलिसी घेताना आधीचा आजार लपवू नका, दावा नाकारायला तेवढं निमित्त पुरतं.

सायकियाट्रिस्टकडे पहिल्यांदा जाताना काय न्यायचं?

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, जुन्या चिठ्ठ्या आणि रिपोर्ट. कागदावर चार-पाच ओळी: त्रास कधीपासून, झोप किती, भूक कशी, कामावर काय अडतंय, घरात कुणाला असा आजार होता का, दारू-तंबाखू किती. हे खरं लिहा. मरणाचे विचार येत असतील तर तेही लिहा, तोंडाने सांगवत नसेल तर कागद पुढे करा. आणि उठायच्या आधी तीन गोष्टी विचारून घ्या: तुमच्या मते मला काय झालंय, ही गोळी किती दिवसांनी लागू पडेल, आणि नाहीच पडली तर पुढे काय करायचं. उत्तरं तिथेच लिहून घ्या, खाली उतरेपर्यंत निम्मं विसरायला होतं. पुढची तारीख ठरवूनच केबिनच्या बाहेर या.